पाडव्याआधीचा हिशेब

पत्र:

मावशी, नमस्कार. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझे बाबा गावातल्या एका मोठ्या कास्तकाराकडे सहा वर्षांपासून सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेले गडी आहेत. आई आणि मी त्यांच्याच वावरात निंदणाला, वेचणीला जातो. मागच्या पाडव्याला साल ९६ हजारात ठरलं, वरून दोन पोती गहू. ताईच्या लग्नासाठी ६० हजार तेव्हाच उचलले, बाकी महिन्याला तीन हजार खर्ची. श्रावणात एका दुपारी पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारणी करताना बाबांना विषबाधा झाली. रात्री मालकांनी गाडी काढून दवाखान्यात नेलं. नऊ दिवस दवाखान्यात होते, पुढे महिनाभराहून जास्त अंथरुणावर. दवाखान्याचे १५ हजार मालकांनी भरले. आता ते म्हणतात, ३६,१५० रुपये बाकी आहेत. ४५ खाडे चारशेप्रमाणे १८ हजार, दवाखाना १५ हजार, त्यावर महिना शेकडा तीननं सात महिन्यांचं व्याज ३,१५०. फेडा, नाहीतर याच ९६ हजारात आणखी एक साल काढा. गावात सध्या एक लाख वीस हजारांचा भाव आहे. 'पैसे भर अन् जाय, तुले कोनं धरून ठेवलं?' असं म्हणाले. बाबांचा अंगठा एका कोऱ्या स्टॅम्पपेपरवर घेतलेला आहे. घर आमचं स्वतःचं आहे, घरकुलाचं. मी मालकांशी बोलते म्हटलं तर बाबाच चिडले. 'त्या माणसानं मले मरू देलं नाई,' म्हणाले. मी चुकते आहे का?
– एक वाचक, कळंब तालुका, जि. यवतमाळ

उत्तर:

बेटा,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं, तिसऱ्यांदा कागद-पेन घेऊन. तू चुकत नाहीस. पण बाबाही खोटं बोलत नाहीत, आणि म्हणूनच हे इतकं जड जातंय.

हिशेबाला बसण्याआधी माझ्याविषयी एक गोष्ट तुला माहीत असायला हवी. मी सालदाराची नाही, सालदार ठेवणाऱ्याची मुलगी आहे. वर्धा जिल्ह्यात आमचं चाळीस एकर वावर होतं. माझं अक्षर चांगलं म्हणून सातवीपासून सालदाराची वही वडील माझ्याकडून लिहून घ्यायचे. लाल पुठ्ठ्याची लांबट वही. डाव्या पानावर 'दिले', उजव्या पानावर 'खाडे'. 'केले' असं पान त्या वहीत नव्हतंच. रात्रीची लाइन आली म्हणून ओलित करायला गेले, गाय व्यायला झाली म्हणून पहाटेपर्यंत गोठ्यात बसले, हे कुठल्या पानावर लिहायचं ते मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. ज्यांना मी काका म्हणायचे, त्यांच्या मुलीच्या तापाचे दोन दिवस मी माझ्या हातानं खाड्यात मांडले आहेत. वडील दुष्ट नव्हते. पोळ्याला काकांना नवे कपडे मिळायचे, घरोघर बोजाऱ्याची बक्षिसी मिळायची, आई त्यांना पाटावर बसवून वाढायची. पण ती वही काकांनी एकदाही उघडून पाहिली नाही. त्यांना वाचता येत नव्हतं. येत असतं, तरी 'दाखवा' म्हणायची हिंमत ते कुठून आणणार होते?

म्हणून तुझ्या मालकांचा हिशेब मला अनोळखी वाटला नाही.

आता तोच हिशेब माझ्यासोबत पुन्हा मांड. साल ९६ हजारांचं. ३६५ दिवसांनी भागलं तर रोजचे २६३ रुपये पडतात. म्हणजे बाबा कामावर गेले तर त्यांच्या दिवसाची किंमत २६३, आणि गेले नाहीत तर त्याच दिवसाची किंमत ४००! एकच माणूस, एकच दिवस, भाव दोन. मालक म्हणतील, खाड्याच्या दिवशी मला रोजदार लावावा लागतो, तो चारशे घेतो. असेल. मग बाजारभाव चारशे आहे हे त्यांनाही ठाऊक आहे, आणि बाकीचे ३२० दिवस बाबांना तो मिळाला नाही. रोजगार हमीची २०२५-२६ची मजुरी महाराष्ट्रात ३१२ रुपये होती. बाबांच्या २६३मध्ये दोन पोती गव्हाची किंमत मिळवली तरी तीनशे होत नाहीत, आणि सालदाराचा दिवस पहाटेच्या शेणापासून रात्रीच्या वैरणीपर्यंत असतो.

साधा नियम लावला आणि खाडे २६३नं धरले, तरी १८ हजारांचे ११,८३५ होतात. ६,१६५ रुपये तिथेच गळाले. पण माझं म्हणणं त्याहून पुढचं आहे. हे खाडे पडले कशानं? बाबा कुणाच्या लग्नाला गेले होते का? मालकांच्या पऱ्हाटीवर, मालकांनी आणलेलं औषध, मालकांच्या पंपानं मारताना ते त्यांच्या अंगात गेलं. ज्या कामानं माणूस पडला त्या कामाचा दवाखाना त्याच्याच नावावर कर्ज म्हणून चढला, पडून राहिला ते दिवस त्याच्याच नावावर खाडे म्हणून चढले, आणि वरून व्याज. ४५ खाडे, १५ हजार, ३,१५० या तिन्ही रकमा एकाच दुपारच्या आहेत. ती दुपार काढून टाक. उचल ६० हजार आणि खर्ची ३६ हजार, झाले ९६. साल पुरं फिटलं. बाबा मालकांचे एक रुपयाही लागत नाहीत.

यवतमाळ जिल्ह्यात राहणाऱ्या मुलीला २०१७ची आठवण मी काय करून द्यायची. त्या पावसाळ्यात फवारणीच्या विषबाधेनं तुमच्या जिल्ह्यात विसाहून अधिक माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. त्यात कास्तकार होते, तसे परक्या वावरात पंप पाठीवर घेतलेले मजूरही होते. पऱ्हाटी डोक्याइतकी वाढलेली, दमट हवा, तोंडाला दुपट्टा, पायात चप्पल. इतक्या वर्षांत दुपट्ट्याच्या जागी मास्क आला का, एवढं तूच बाबांना विचार.

बाबांच्या चिडण्याकडे वळते, कारण तुला खरं तेच लागलं आहे. 'त्यानं मले मरू देलं नाई' हे वाक्य खरं आहे. त्या रात्री गाडी काढली ती मालकांनीच. पैसे भरले ते त्यांनीच. पण गावात दुसरी गाडी कुणाकडे होती? पंधरा हजार एका रात्रीत उभे करणारं दुसरं घर कोणतं होतं? ज्याच्या हातात सगळंच आहे, त्यानंच मदत करायची आणि त्यानंच ती वहीत मांडायची, आणि आपण जन्मभर दोन्हींबद्दल आभार मानायचे, असं हे चालत आलंय. बाबा कृतज्ञ आहेत ही त्यांची माणुसकी आहे, ती हिसकावून घेऊ नकोस. त्यांना 'तुम्ही गुलाम झालात' असं चुकूनही म्हणू नकोस. सहा वर्षं त्यांनी ते वावर आपलं समजून राखलं आहे. तुझ्या तोंडून असा शब्द गेला तर त्यांच्या सहा वर्षांचं पाणी होईल आणि ते मालकांच्याच बाजूला जाऊन बसतील.

मालक म्हणाले, तुला कुणी धरून ठेवलं? खरंच दोर नाही, कुलूप नाही. धरून ठेवलंय ते थांबण्याच्या ताकदीनं. पाडव्याच्या सुमाराला वावर रिकामं असतं. कापूस निघून गेलेला, हरभरा-गहू घरात आलेला, पुढे कडक उन्हाळा आणि काम शून्य. लग्नसराई मात्र नेमकी तेव्हाच. मजुराच्या हातात सगळ्यात कमी पैसा आणि गळ्याशी सगळ्यात जास्त गरज, अशा दिवशी आपण त्याच्याकडून अख्खं वर्ष विकत घेतो. मालकाला चार आठवडे थांबता येतं, बाबांना चार दिवसही थांबता येत नाही. भाव तिथेच ठरतो.

उलटा दिवस तू स्वतः पाहिलेला आहेस. दिवाळीनंतर सगळ्या गावाची बोंडं एकदम फुटतात, आभाळ भरून येतं, वावर पांढरं झालेलं असतं. तेव्हा कोण कुणाच्या दारी जातं? तेच मालक सकाळी सहाला तुमच्या मोहल्ल्यात गाडी घेऊन उभे असतात आणि किलोमागे दोन रुपये जास्त कबूल करतात. कापूस थांबत नाही म्हणून. आणि तुम्ही बाया दहा-बाराच्या टोळीनं बोलता म्हणून. तुझ्या आईला हे शिकवावं लागलं नाही. टोळीतली एकही बाई एकटीनं भाव ठरवत नाही. सालदार मात्र प्रत्येक जण एकटा, संध्याकाळच्या अंधारात, मालकाच्या ओट्यावर टोपी हातात धरून ठरवतो.

मालकांची बाजूही सांगते, कारण मी त्या घरातली आहे. त्यांचा कापूस त्यांच्या भावानं जात नाही. २०२५-२६साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर झाला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्रानं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क डिसेंबरअखेरपर्यंत काढलं. वेचणी सुरू होण्याच्या तोंडावर! व्यापारी काटा लावतो, ओलावा दाखवतो, भाव पाडतो, आणि कास्तकाराला माल घेऊन परत जाता येत नाही, कारण गाडीभाडं आणि बँक दोन्ही अंगावर असतं. तोही थांबू शकत नाही. वर जे हरलं ते खालून भरून काढायचं, ही त्याची सवय तिथून येते. हे समजून घे, म्हणजे तुझ्या बोलण्यात द्वेष येणार नाही. पण समजून घेतलं म्हणून बाबा ते ३६ हजार देणं लागत नाहीत. बाजारानं मालकांवर केलेला अन्याय बाबांच्या पाठीवर फेडून घ्यायचा हक्क त्यांना कुणी दिला?

'राजीखुशीनं अंगठा दिला' असं ते म्हणतीलच. बाबासाहेबांनी १९४७ साली घटना समितीसाठी तयार केलेल्या निवेदनात हाच प्रश्न धरला होता. बेकार माणसासमोर काम ठेवलं, पण कामाचे तास ठरलेले नाहीत, संघटनेत जायचं नाही, बोलायचं नाही, अशी अट घातली, तर तो काय निवडेल? भुकेपुढे तो हक्क सोडून देईल. अशा जागी सरकारनं मध्ये पडायचं नाही म्हणजे मालकाची हुकूमशाही मोकळी सोडायची, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं. देशानं तेवढं ऐकलं. राज्यघटनेच्या कलम २३नं वेठबिगारी बंद केली. १९७६च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानं सांगितलं की उचलीच्या बदल्यात माणसानं दुसरीकडे काम करण्याची मोकळीक गमावली, किंवा किमान वेतनापेक्षा कमीत राबला, तर ती वेठबिगारी; आणि असं कर्ज फेडण्याची जबाबदारीच संपते. कर्ज तसं नव्हतं हे सिद्ध करायचं ओझं पैसे देणाऱ्यावर आहे, बाबांवर नाही. तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. १९८२ साली दिल्लीतल्या एशियाड बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की पोटाच्या गरजेनं किमान वेतनाखाली काम करावं लागणं हीसुद्धा सक्तीच आहे. तेव्हा 'फेड, नाहीतर जुन्या भावात साल काढ' हे गावात रिवाज म्हणून चालत असलं, तरी कायद्यात त्याला दुसरं नाव आहे. ९६ आणि १२० हजारांमधला फरक बघ, २४ हजार. छत्तीस हजारांच्या खोट्या बाकीवर वर्षाला चोवीस हजारांचं हे खरं व्याज.

म्हणून पहिल्यांदा एक वही आण. शाळेची शंभर पानी चालेल. संध्याकाळी बाबा जेवून बसले की त्यांच्याकडून वर्ष सांगून घे. त्यांना तारखा आठवणार नाहीत, सण आठवतील. अक्षय तृतीयेला काय केलं, पेरणी कधी, पोळ्याच्या आधी की नंतर, दिवाळीत किती रात्री ओलित. मालकांच्या वहीत जे पान नसतं ते 'केले'चं पान तू लिही. वाद घालू नकोस, नुसतं लिही आणि वाचून दाखव. मला वाटतं, बाबांचं मन कायद्याच्या कलमानं वळणार नाही, त्या पानानं वळेल.

मग गावातले बाकीचे सालदार. चार असोत की सहा, खाडा चारशेनं सगळ्यांचाच कापला जात असणार. हिशेबाला बाबांनी एकट्यानं जायचं नाही. दोघं-तिघं सोबत, आणि दिवसा. तू सोबत जा, पण बोलू दे बाबांना. तू फक्त एवढंच म्हण की वही दाखवा, आम्हाला उतरवून घ्यायची आहे. चांगले कास्तकार तिथेच नरम पडतात, कारण गावात तोंड दाखवायचं असतं. दवाखाना आणि त्याचे खाडे सोडले, स्टॅम्पपेपर परत दिला, तर पुढचं काही करायची गरज नाही. तोंडी 'फाडून टाकला' यावर विश्वास ठेवू नका, कागद हातात घ्या.

ते म्हणतील, मी मेळघाटातून माणसं आणतो. आणू शकतात. ती कोरकू आदिवासी माणसं तुमच्यापेक्षाही कमी थांबू शकतात, म्हणूनच येतात. त्यांच्याशी वैर धरू नका. आली तर त्यांनाही खाड्याचा हिशेब समजावून सांगा.

मालक ऐकलेच नाहीत तर उपविभागीय अधिकारी आणि जिल्हाधिकारी या दोघांच्या नावानं अर्ज. या कायद्याखाली दक्षता समिती त्यांच्याच पातळीवर असते. सालाची रक्कम, उचल, खाड्याचा दर, फवारणीची तारीख, कोरा स्टॅम्पपेपर आणि मालकांचं 'जुन्या भावात साल काढ' हे वाक्य जसंच्या तसं लिही. अर्ज हातानं दिला तर शिक्क्याची पोच घे, नाहीतर स्पीड पोस्टानं पाठव. वकिलाची भीती नको. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना आणि वेठबिगारीत सापडलेल्यांना उत्पन्न न पाहता फुकट वकील मिळतो, १५१०० हा त्यांचा नंबर आहे. तू जात लिहिली नाहीस. अनुसूचित जाती-जमातीतले असाल तर १९८९चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही वेठबिगारीला लागू होतो, तेही वकिलाला सांग. दवाखान्याच्या भरपाईसाठी १९२३चा कामगार भरपाईचा कायदा आणि त्याच्या जागी आता आलेली सामाजिक सुरक्षा संहिता आहे. जुन्या कायद्याच्या यादीत यंत्रशक्तीनं किंवा विजेवर चालणाऱ्या साधनांनी होणारी शेती येत होती. पंप हाताचा होता, बॅटरीचा की पेट्रोलचा, एवढ्या एका गोष्टीवर फरक पडू शकतो. शेकडा तीनचं व्याज महाराष्ट्राच्या २०१४च्या सावकारी कायद्याच्या नजरेतून कसं दिसतं, हेही त्याच वकिलाला विचार. आणि काही झालं तरी रातोरात निघून जाऊ नका. माणूस निघून गेला की विहिरीवरची मोटार चोरल्याची तक्रार येते, हे मी पाहिलं आहे.

तुमचं घर स्वतःचं आहे हे वाचून मला बरं वाटलं. मालकाच्या वाड्यात राहत असतात तर मी तुला आधी छप्पर शोधायला सांगितलं असतं.

पुढच्या वर्षाचं काय? बाबांनी पुन्हा कुणाचं साल धरलं तर लाजेचं काही नाही, पण महिन्याच्या महिन्याला पैसे घ्यायचे, आणि उचल मालकाकडून नाही. आईच्या बचत गटातून कर्ज निघालं तर तेही कर्जच, व्याज त्यालाही आहे, पण गटातल्या बाया बाबांना पहाटे गोठ्यात बोलावणार नाहीत. शिवाय रोजगार हमीच्या कामाची लेखी मागणी उन्हाळ्यासाठी आताच ग्रामपंचायतीत देऊन ठेवा, तारखेची पोच घेऊन. हमी हा शब्द आपल्याच महाराष्ट्रानं देशाला दिला. १९७२च्या दुष्काळात ही कामं निघाली, १९७७ला कायदा झाला, आणि त्यातली खरी गोष्ट खडी फोडण्याची नव्हती. चैत्रात दुसरीकडे काम आहे म्हटल्यावर माणूस ओट्यावर बसून 'एवढ्यात नाही जमणार, मालक' म्हणू शकतो. चार आठवडे थांबता येणं, तुझ्या बाबांना आजवर कुणी दिलं नाही ते हेच.

दवाखान्याची चिठ्ठी, बिलं, डिस्चार्ज कार्ड एका पिशवीत घालून घरात ठेव, वावरातल्या कोठ्यात नको. आणि आज संध्याकाळीच बाबांना विचार, त्या दुपारी पंपात कोणतं औषध होतं. धुऱ्यावर किंवा विहिरीच्या कडेला त्याची रिकामी बाटली अजून पडलेली असेल. हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून ती उचल, लेबलचा फोटो काढ आणि जपून ठेव.

तुझी,
मावशी